‘गोळ्या बंद करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

लग्नकार्य ठरलं की किंवा कुणाची गोड बातमी आली की एक लांबलचक मेसेज घराघरांतल्या ग्रुपवर फिरू लागतो. त्याचा सूर साधारण असा: गरोदरपण हा काही आजार नाही, आपल्या आज्या शेतात राबता राबता बाळंत झाल्या, त्यांनी ना गोळ्या घेतल्या, ना तपासण्या केल्या, म्हणून लोहाच्या गोळ्या बंद करा, दोन जिवांचं खा, केशर-दूध प्या, नवव्या महिन्यात तूप प्या, सतत आनंदी राहा आणि बारीकसारीक तक्रारींसाठी दवाखाना गाठू नका. पाठवणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण हा मेसेज वाचून ज्या मुली गोळ्यांचं पाकीट कपाटात टाकतात, त्यांच्यासाठी हे उत्तर.

‘आज्यांना कुठे काय झालं?’

झालं, पुष्कळ झालं. ज्या आज्या जगल्या त्यांच्याच गोष्टी आपल्यापर्यंत आल्या. बाळंतपणात गेलेल्या बाईच्या मागे राहिली ती दुसरेपणाची बायको आणि सावत्रपणात वाढलेली मुलं. जुन्या घराण्यांत वंशावळ काढायला बसलात तर हे पानोपानी दिसेल. १९९० च्या आसपास भारतात एक लाख जिवंत जन्मांमागे साडेपाचशेच्या वर माता दगावत होत्या. २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीत हा आकडा ९७ वर आला, महाराष्ट्रात ३३ वर. हा फरक रक्तदाब मोजण्यामुळे, रक्त तपासण्यामुळे, दवाखान्यातल्या बाळंतपणामुळे, वेळेवर मिळालेल्या रक्ताच्या पिशवीमुळे पडला. नुसत्या ‘नैसर्गिक’ राहण्याने पडला नाही.

गरोदरपण आजार नाही, हे मात्र खरं आहे. म्हणूनच तपासणीला बाई धडधाकट असतानाच बोलावतात.

‘लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळं होतं, फार मोठं होतं. बीट आणि पालक खा, पुरे.’

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने केलं आहे, म्हणून इथे जरा थांबते.

गोळीने काळी होते ती शौच, कारण न शोषलेलं लोह आतड्यातून बाहेर पडतं. बाळाचा रंग आईबापांकडून आलेल्या जनुकांवर ठरतो. केशराने तो उजळत नाही, लोहाने काळवंडत नाही. केशर-दूध आवडत असेल तर खुशाल प्या; दूध चांगलंच आहे. पण सावळ्या बाळाची भीती घालून आईची गोळी काढून घेणं हा त्या दोघांवरही अन्याय आहे.

आता हिशोब पाहा. गरोदरपणात बाईच्या अंगातलं रक्त जवळपास निम्म्याने वाढतं. वाढलेल्या तांबड्या पेशी, बाळ, वार आणि बाळंतपणातला रक्तस्राव हे सगळं धरून नऊ महिन्यांत साधारण १००० मिलिग्रॅम जादा लोह लागतं. शंभर ग्रॅम पालकात लोह असतं ३ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि बिटात तर एक मिलिग्रॅमही नाही. त्याचा लाल रंग लोहाचा नव्हेच. शिवाय भाजी-धान्यातलं लोह शरीर फार थोडं शोषतं. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तितकेच दिवस.

गरज कुणाला? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२ टक्के गरोदर स्त्रियांचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली होतं. महाराष्ट्रातही जवळपास ४६ टक्के. म्हणजे डोहाळजेवणात ओटी भरायला बसलेल्या दोघींपैकी एकीला पांडुरोग, म्हणजे अंगात रक्त कमी. जिना चढताना धाप लागते, कंबर मोडून येते, उठवत नाही, आणि सगळे म्हणतात, ‘या दिवसांत असं व्हायचंच.’ त्यातल्या कितीतरी जणींना बरं वाटेल, फक्त गोळी पोटात गेली पाहिजे. आणि बाळंतपणात जो रक्तस्राव धडधाकट बाई सोसते, तोच हिमोग्लोबिन ६ असलेल्या बाईचा जीव घेऊ शकतो.

गोळीने मळमळतं, पोट बांधतं, तोंडाला लोखंडाची चव येते, हे अगदी खरं. मेसेज पाठवणाऱ्यांनी याच त्रासाचा फायदा घेतला आहे. पण त्यावर उपाय आहेत. गोळी रात्री जेवल्यावर घ्या. चहा-कॉफीच्या आसपास घेऊ नका, लोह अंगी लागत नाही. लिंबूपाणी किंवा आवळ्याबरोबर घेतली तर उलट जास्त लागतं. कॅल्शियमची गोळी आणि ही गोळी यांत निदान दोन तासांचं अंतर ठेवा. तरीही सोसवत नसेल तर डॉक्टरांना सांगा. दुसऱ्या प्रकारची गोळी मिळते, गरज पडली तर शिरेतूनही लोह देता येतं. मनानेच बंद करू नका.

फॉलिक ॲसिडची गोष्ट तर आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणाऱ्या जीवघेण्या पांडुरोगाचं कारण तिला शोधायचं होतं. परळच्या हाफकिन संस्थेत तिचं काम चाललं. निकृष्ट जेवणावर राहणाऱ्या बायकांना हा आजार अधिक होतो हे तिच्या ध्यानात आलं, आणि यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यावर त्या झपाट्याने सुधारल्या. १९३१ मध्ये तिने हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फोलेट, फॉलिक ॲसिडचंच नैसर्गिक रूप. १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला. पुढे १९९१ मध्ये एका मोठ्या चाचणीने दाखवलं, की आधी मज्जारज्जूचा दोष असलेलं मूल झालेल्या स्त्रियांनी दिवस राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं, तर तो दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटतं. बाळाचा मज्जारज्जू ज्या नळीतून बनतो, ती गर्भधारणेनंतर चार आठवड्यांतच मिटून बंद होते, बऱ्याचदा पाळी चुकल्याचं कळेपर्यंतच. म्हणून मूल हवं असं ठरलं की ही गोळी तेव्हाच सुरू करायची. ‘गोळ्या हे आजचं फॅड आहे’ म्हणणाऱ्यांनी त्या गिरणीतल्या बायका आठवाव्यात. त्याही कुणाच्या तरी आज्याच.

‘दोन जिवांचं खा’

दुसरा जीव सुरुवातीला वाटाण्याएवढाच असतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने चौथ्या महिन्यापासून दिवसाला साधारण ३५० कॅलरी जादा पुरतात: एक भाकरी, वाटीभर उसळ आणि कपभर दूध. काय खाता हे किती खाता याहून महत्त्वाचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. आईने एकूण किती कॅलरी खाल्ल्या याचा बाळाच्या आकारमानाशी संबंध दिसला नाही. दूध, पालेभाजी, फळं वरचेवर खाणाऱ्यांची बाळं मात्र भरलेली होती. तिथे सुमारे दोन तृतीयांश बायकांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ते वनस्पतींत नसतं, म्हणून शाकाहारी बाईने दूध-दही सोडू नये आणि डॉक्टरांना बी-१२ बद्दल विचारावं. सुनेच्या ताटात शेवटी उरलेलं वाढण्याची रीत ज्या घरात आहे, त्या घराने आधी ती मोडावी. मेसेज नंतर पाठवावेत.

पपईचं थोडक्यात: कच्च्या पपईचा चीक टाळा, त्याने गर्भाशय आकुंचन पावतं असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. पूर्ण पिकलेल्या पपईने तसं झालं नाही.

‘नवव्या महिन्यात तूप प्यायलं की वाट मोकळी होते’

तूप अन्ननलिकेतून पोटात, तिथून आतड्यात जातं. बाळाची वाट वेगळी. एरंडेलाने जुलाब होतात, अंगातलं पाणी कमी होतं. ते तर नकोच. फरशी पुसल्यानेही बाळंतपण सुलभ होईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर रोज पाऊण तास किंवा थोडं कमी चाला. आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. झोप सुधारते, कंबर हलकी वाटते, मन ताजं राहतं.

‘आई रडली तर मूल रडकं होतं’

हे वाक्य वाचून मला राग येतो. आधीच घाबरलेल्या मुलीवर आणखी एक ओझं. मुलगी कधी सासरच्या बोलण्याने रडेल, कधी कारण नसताना. त्याने बाळ बिघडत नाही. पण दोन आठवडे मन उदासच असेल, झोप लागत नसेल, कशातच गोडी वाटत नसेल, नको ते विचार येत असतील, तर ती चुकलेली नाही, तिला उपचार हवेत. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, डॉक्टरांशी बोला. टेली-मानसच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतून बोलता येतं, तेही मोफत. आणि घरातल्यांनी ‘आनंदी राहा’ म्हणण्यापेक्षा तिला दुपारी तासभर पडू द्यावं, तपासणीला नवऱ्याने सोबत जावं.

‘शेवटी डोकं दुखतं, सूज येते, बाळ शांत होतं, घाबरू नका’

संध्याकाळी पाय थोडे सुजतात, ते चालतं. पण चेहरा आणि हात सुजणं, डोकं फुटेल असं दुखणं, डोळ्यांपुढे काजवे चमकणं, छातीखाली पोटात दुखणं ही रक्तदाब वाढल्याची लक्षणं असू शकतात. १४०/९० किंवा त्यावर रक्तदाब गेला तर त्याच दिवशी दवाखाना. यातूनच झटके येतात, आणि बाळंतपणानंतरही काही दिवस हा धोका राहतो. बाळ शेवटच्या महिन्यात शांत होत नाही. जागा कमी पडल्याने हालचालीची तऱ्हा बदलते, पण हालचाल चालूच राहते. ती कमी वाटली, अंगावरून रक्त गेलं, पाणी गेलं, ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका. १०२ किंवा १०८ ला फोन करा. रक्तदाब तपासण्यासाठी दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. गावातल्या आशाताईंना विचारलं तर त्या सोबतही येतात.