जपानला जाऊन वरणभात काय शोधायचा? शोधायचाच!

परदेशी शिकायला निघालेल्या पोरांच्या बॅगेतली हिंगाची डबी बघून हसणारी एक जमात आहे. "जाशील तिथलं खायला शीक. जपानी जेवण म्हणजे काय हेल्दी!" सांगणारे काका-काकू बहुतेक वेळा आठ दिवसांची टूर करून आलेले असतात. त्या टूरच्या पत्रकात 'रोज रात्री भारतीय जेवण' असं ठळक छापलेलं असतं, ते मात्र सोयीस्कर विसरलं जातं.

मी सेंदाईला, म्हणजे ईशान्य जपानमधल्या मियागी प्रांतातल्या शहरात शिकले. मासे खाते, चिकन खाते, त्यामुळे 'व्हेज मिळतं का' हा माझा प्रश्नच नव्हता. (ज्यांचा असतो त्यांचे हाल कुत्रा खात नाही. साध्या मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या सूपमध्येसुद्धा बहुतेक वेळा कात्सुओबुशीचा, म्हणजे धुरी देऊन वाळवलेल्या माशाचा अर्क असतो.) तिथलं जेवण मला आवडायचं, आजही आवडतं. मियागीचा तांदूळ आपल्या इंद्रायणीसारखा चिकट, वरणाबरोबर झकास लागतो. सेंदाईची झुंदा मोची तर मी हावरटासारखी खायचे. चिकट तांदळाच्या गोळ्यांवर कोवळ्या हिरव्या सोयाबीनचं साखर घालून केलेलं वाटण, पुरणाची हिरवी बहीणच जणू.

पण थंडी सुरू झाली आणि जिभेनं संप पुकारला. कारण नीट बघितलं तर साधं आहे. सोया सॉस, मिरिन (तांदळाची गोड दारू) आणि साखर हे त्रिकूट तिथं सगळीकडे. बटाट्याचा रस्सा गोडसर, भोपळा गोडसर, आमच्या कॅन्टीनमधलं अंड्याचं ऑम्लेटही गोड! सातारच्या मुलीनं कुठं जावं? टेबलावरचं शिचिमी, म्हणजे सात जिनसांचं तिखट, मी अर्धी बाटली पालथी घालायचे, तरी ठसका म्हणून लागायचा नाही.

आईनं ज्वारीचं पीठ बांधून दिलं होतं. मापामापानं पुरवून वापरलं, आणि तिथंच फसले. पिठाची विरी गेली. गरम पाण्यात उकड घेतली, मळून मळून हात दुखले, पण थापायला घेतली की कडेनं चिरा. शेवटी त्याची धिरडी घातली. सुपरमार्केटात ज्वारी मिळते, 'ताकाकिबी' नावानं, भातात घालायचं पौष्टिक धान्य म्हणून, चिमूटभर पाकिटात. किंमत वाचून मी पाकीट जागेवर ठेवलं. तूरडाळ आणायची तर रात्रीच्या बसनं टोकियो गाठायचं आणि शिन-ओकुबोच्या हलाल दुकानांतून पाठीवर पोतं वाहून आणायचं. विद्यार्थ्याला आठवड्याला 28 तासच काम करायची परवानगी असते. त्या कमाईत घरभाडं, हिवाळ्यातलं गरम हवेचं बिल आणि वर डाळ! इंडियन हॉटेलं पुष्कळ आहेत, बरीचशी नेपाळी मंडळी चालवतात, आणि ताटाबाहेर लोंबणारा नान वाढतात. लॅबमधल्यांची ठाम समजूत होती की मी घरी रोज नान खाते. आमच्याकडे तंदूर नाही हे सांगून थकले.

आता गंमत ऐका. मला हिंगावरून कोणी ऐकवलं असेल तर ते आपल्याच माणसांनी. जपानी माणसांनी कधीच नाही. लॅबमधला एक सेनपाई, म्हणजे सीनियर, जर्मनीला परिषदेला निघाला तेव्हा त्याच्या बॅगेत गरम पाण्यात होणारं मिसो सूप आणि उमेबोशीची डबी होती. उमेबोशी म्हणजे खारवलेलं आंबट फळ, आपलं लोणचंच म्हणा. त्याला कोणी 'ब्रेड खायला शीक' म्हटलं नाही. घरच्या चवीची ओढ लागणं त्यांच्यात अगदी रीतसर मानलं जातं. आपल्याकडे मात्र ते लाडावलेपणाचं लक्षण! चार महिने बेचव गिळून दाखवलं म्हणजे काय, डिग्रीला मार्क वाढतात? उलट पोट भरून जेवलेलं पोर अभ्यासाला बसतं.

सेंदाईत शरद ऋतूत नदीकाठी 'इमोनी' करतात. चूल मांडायची, मोठ्या पातेल्यात अळकुड्या शिजवायच्या आणि सगळ्यांनी काठावर बसून खायच्या. सरपण चक्क कोपऱ्यावरच्या कोनबिनीत, म्हणजे दिवसरात्र उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानात मिळतं, पातेलंही वापरायला देतात. सेंदाईच्या पद्धतीत मिसो आणि डुकराचं मांस. मी ते खात नाही म्हटल्यावर लॅबच्या पोरांनी न विचारता एक छोटं पातेलं वेगळं ठेवलं. पुढच्या वर्षी त्या छोट्या पातेल्यावर मी तेल तापवून मोहरी, हिंग, लाल मिरची अशी चरचरीत फोडणी ओतली. धुरानं दोघं खोकले, बाकीचे जवळ सरकले. सरांनी दोनदा वाढून घेतलं आणि विचारलं, "हीच का ती इंडियन करी?"

म्हटलं, हो सर, हीच. अळकुडीची आमटी म्हणजे काय हे समजावण्याइतकं माझं जपानी तेव्हा नव्हतं, आणि पातेलं रिकामं होत आलं होतं.