वेल्श राजांची वंशावळ छापू इच्छिणाऱ्यांस

मध्ययुगाच्या आरंभीच्या वेल्श राजांचा तक्ता छापून विकण्याचा आपला विचार असेल, तर धंदा उत्तम आहे. गेल्या महिन्यात लॅनगॉलेनच्या एका दुकानातून असा सोनेरी रेघांचा तक्ता मी रोख मोजून घेतला, तेव्हा चार शब्द सांगण्याचा अधिकार मला नक्कीच आहे.

प्रथम प्रश्नचिन्हाचा खिळा छापखान्यातून हद्दपार करावा.

पूर्वज निवडताना हात आखडता घेऊ नये. पोविस या वेल्श राज्याच्या किंगेन राजाने पणजोबांच्या स्मरणार्थ उभारलेल्या एलिसेगच्या स्तंभावर घराण्याचे मूळ जुना ब्रिटन राजा व्हॉर्टिगर्न आणि रोमन सम्राट मॅक्सिमसची मुलगी सेविरा यांच्यापर्यंत नेलेले होते. ‘हिस्टोरिया ब्रिटोनम’ हा नवव्या शतकातला लॅटिन इतिहासग्रंथ मात्र तेच घराणे संत जर्मेनसला आसरा देणाऱ्या कादेल नावाच्या एका चाकरापासून सुरू करते. आपण सम्राट ठेवावा, चाकर गाळावा. पडताळायला कोणी येणार नाही, कारण स्तंभावरची अक्षरे पार झिजली आहेत (मी पावसात उभे राहून बोट फिरवून पाहिले) आणि आपली सारी भिस्त पुराणवस्तूंचा अभ्यासक एडवर्ड लुइडने १६९६ मध्ये केलेल्या नकलेवर आहे.

पूर्वज कमी पडल्यास पदव्यांना माणसे करावे. डवेड या दुसऱ्या वेल्श राज्याच्या वंशावळीत ‘प्रोटेक्टर’ ही रोमन पदवी चक्क मॅक्सिमचा (म्हणजे त्याच मॅक्सिमसचा) आजोबा होऊन बसली आहे. आपल्याकडे रावबहादूर कोणाचे आजोबा व्हावेत, तसेच हे.

बायकांची नावे सोयीने लावावीत. मर्विन राजा ८२५ च्या सुमारास ग्विनेद या वेल्श राज्याच्या गादीवर आला तो बापाच्या घराण्यामुळे नव्हे, हे नक्की. पण ‘हार्लियन’ नावाच्या हस्तलिखितातली जुनी वंशावळ त्याला ग्विनेदच्या किनानची मुलगी एथिल्ट हिचा मुलगा म्हणते, तर नंतरच्या काही वंशावळींत एथिल्ट त्याची बायको होते आणि किंगेनची बहीण नेस्ट त्याची आई. तर काही ठिकाणी नेस्टच त्याची बायको, म्हणजे मर्विनचा मुलगा रोद्री मौर राजा, त्याची आई. आता आई कोणती आणि बायको कोणती, यावरच ग्विनेद आणि पोविस या दोन्ही राज्यांवरचा हक्क कोणत्या पिढीत, कोणाकडून आला हे ठरते, म्हणून तर पुढच्या लेखनिकांनी या दोघींना सोंगट्यांसारखे सरकवले असावे. आणि माझ्या तक्त्यात मर्विनपासून एथिल्टपर्यंत एक जाड सोनेरी रेघ, खाली ‘पत्नी’, विषय संपला! मी प्रकाशकांना दोन पाने पत्र लिहिले. उत्तर एका ओळीचे आले: ग्राहकांना प्रश्नचिन्हे आवडत नाहीत.

उत्तराधिकाराचे भांडण दाखवू नये. रेघ वाकडी होते.

अहो, जरा तरी लाज वाटू द्या. ग्राहकाच्या नावावर स्वतःचा आळस खपवता? दोन कागद समोर ठेवून वाचायचे कष्ट नकोत, आणि वर पैसे मात्र हवेत. हवेल या वेल्श राजाच्या मुलाची, ओवाइनची वंशावळ थेट येशूच्या नात्यात नेऊन भिडवणारा तो लेखनिक तुमच्यापेक्षा प्रामाणिक होता. दूरच्या पूर्वजाची आई ॲना ही येशूची आई मेरी हिची मावसबहीण लागते असे लिहिताना त्यानेसुद्धा ‘असे म्हणतात’ एवढे शब्द घातले आहेत. तुमच्या एवढ्या मोठ्या तक्त्यात तेवढ्या दोन शब्दांना जागा नव्हती?