‘नुसता संगणकातला खेळ’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार काका,

‘तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे’ असं तुम्हीच लिहिलंत, म्हणून काका म्हणते. नॅनोनळीवर, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळीवर, इन्सुलिन लादून नेण्याच्या सिम्युलेशनबद्दल, म्हणजे अणूंची हालचाल संगणकावर गणिताने चालवून बघण्याबद्दल, मी लिहिलं, त्यावर तुमचे आक्षेप असे: संगणकात जे भरावं तेच बाहेर येतं, मायक्रोसेकंदाच्या हालचालीवरून शरीरातल्या तासांचं काही कळत नाही, कार्बनच्या नळ्या अ‍ॅस्बेस्टॉससारख्या घातक, आणि सोलापूरच्या पोरांना हे शिकवण्यापेक्षा त्यांच्या हातात परीक्षानळी द्या. चिंचोली एमआयडीसीत औषधं बनवण्यात उमेदीची वर्षं घातलेला माणूस हे म्हणतो, तेव्हा दोन ओळींत उत्तर देणं बरं नव्हे.

पहिला आक्षेप मला मान्य नाही. आपण भरतो काय? अणूंच्या जागा, त्यांच्यावरचे विद्युतभार, कुठला बंध ताणायला किती जोर लागतो याचे आकडे. पुढे न्यूटनचे नियम, दोन-दोन फेम्टोसेकंदांच्या (मायक्रोसेकंदाच्याही अब्जाव्या भागाच्या) पावलांनी. उत्तर त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. २००१ साली गेऱ्हार्ड हुमर आणि सहकाऱ्यांनी एक अरुंद कार्बन नळी सिम्युलेशनमध्ये पाण्यात बुडवली. कार्बनची भिंत पाण्याला दूर ठेवणारी, म्हणजे नळी कोरडी राहायला हवी. पण पाणी आत शिरलं आणि रेणूमागे रेणू अशी एकेरी रांग धरून वाहू लागलं. हे कुणी भरलं होतं? पुढे २००६ मध्ये दोन नॅनोमीटरहून बारीक नळ्यांमधून पाण्याचा प्रवाह प्रयोगशाळेत प्रत्यक्ष मोजला गेला. नेहमीच्या प्रवाहगणिताच्या अंदाजापेक्षा तो हजार पटींहून जास्त निघाला. या सगळ्या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत आपल्या शेजारच्या हैदराबादचे अनीसूर रहमान होते, १९६४ साली द्रव आर्गॉनचे ८६४ अणू घेऊन. सोलापुरात हे फारसं कुणाला माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं.

वेळेबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. एका मायक्रोसेकंदासाठी पन्नास कोटी पावलं टाकावी लागतात, आणि एवढं करूनही हाती येतो सेकंदाचा दहा लाखावा भाग. रक्तात नळी किती तास टिकेल, यकृत तिचं काय करेल, हे त्यातून कळणार नाही, आणि कळतं असा दावा कुणी केला तर तुमच्या इतकाच रागही मला येईल. पण इन्सुलिनसारखं प्रथिन नळीच्या भिंतीला कुठल्या बाजूने चिकटलं, हे त्या वेळात दिसू शकतं.

आता इन्सुलिनच बघा. ५१ अमिनो आम्लं, दोन साखळ्या. बी साखळीच्या शेपटाकडे २४ आणि २५ क्रमांकाला फेनिलअ‍ॅलनिन, २६ ला टायरोसिन. तिघांनाही अणूंची सपाट कडी आहे, आणि अशा कड्यांना कार्बनची भिंत फार आवडते. माझी एक विद्यार्थिनी पडद्यावर हेच बघत बसते: कडी आधी तिरकी टेकते, सुटते, पुन्हा टेकते आणि मग भिंतीला समांतर होऊन पडून राहते. पंचाईत अशी की इन्सुलिन पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे त्याचा निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, धरतं ते याच भागाने. म्हणजे माल नीट बांधला गेला, पण नेमका कामाचा हात बांधून. शिवाय शेपूट ओढली गेल्यावर शेजारची हेलिक्स, म्हणजे साखळीची पिळदार घडी, उसवते का, तेही बघायचं. इन्सुलिनची बाटली जोरजोरात हलवू नये हे तुम्ही जाणताच. पाण्याला दूर ठेवणाऱ्या पृष्ठभागाशी गाठ पडली की हे प्रथिन बिघडतं आणि गोळा होतं. कुठली कडी आधी टेकली, हे परीक्षानळीत डोळ्यांना दिसत नाही. एकदा दिसलं म्हणूनही आम्ही विश्वास ठेवत नाही. सुरुवातीचे वेग बदलून, प्रथिन वेगळ्या बाजूने ठेवून पुन्हा चालवतो. भिंतीतले इलेक्ट्रॉन जवळच्या विद्युतभाराने सरकतात, ते आमची नेहमीची गणितं धरत नाहीत. ही उणीव खरी आहे आणि प्रबंधात ती स्पष्ट लिहायला मी लावते.

चादरीवरचा मोर आधी ग्राफपेपरवर चौकटी भरून काढतात, मग मागाला नक्षी सांगणारी जकार्डची कार्डं पंच होतात. ग्राफ पांघरता येत नाही, पण म्हणून कुणी ग्राफाशिवाय माग सुरू करत नाही.

अ‍ॅस्बेस्टॉसचा मुद्दा गंभीर आहे. २००८ साली उंदरांवरच्या प्रयोगात लांब, ताठ, बहुस्तरी नळ्यांनी तशीच दाहक प्रतिक्रिया दाखवली. आखूड आणि गुंतलेल्या नळ्यांनी दाखवली नाही. हे ठरवायला उंदीरच लागतात, सिम्युलेशन इथे मुकं आहे. म्हणूनच बोरॉन नायट्राइड, पेप्टाइड, हॅलॉयसाइट या मातीच्या नळ्या, अशांवरही काम चालतं. आणि प्रथिनं नळीवरून पेशीत जातात हे नुसतं पडद्यावरचं नाही. स्टॅनफर्डला होंगजिए दाई यांच्या गटाने ते २००५ च्या सुमारास जिवंत पेशींत दाखवलं, तेही नळीच्या आत कोंबून नव्हे, तर बाहेरच्या भिंतीला चिकटवून.

राहिली पोरं. त्यांच्या हातात परीक्षानळी आहेच. पण शुद्ध नॅनोनळ्या आणि त्या तपासायची उपकरणं विकत घेणं आमच्या विभागाला झेपत नाही. ग्रोमॅक्स हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर मात्र फुकट आहे, प्रथिनांच्या रचना प्रोटीन डेटा बँकेत सगळ्यांना खुल्या आहेत. खेड्यातून एसटीने येणारी मुलगी त्यावर खरा प्रश्न सोडवत असेल, तर मी तिला थांबवणार नाही.

तुमच्याकडून एक हवंय. प्रथिनाची घडी बिघडली की नाही हे तुमच्या कारखान्यात कुठल्या चाचणीने बघायचे, आणि किती बिघाड झाला की बॅच बाद करायचे? आम्ही हेलिक्स किती उरली ते मोजतो, पण मर्यादा कुठे ठेवावी यावर आमच्यात वाद चालू आहे. सवडीने सविस्तर लिहा.