रविवारच्या स्वयंपाकापेक्षा सकाळचा नाश्ता सांभाळा

विद्यार्थ्यांच्या खाण्यापिण्याबद्दलचा एक लेख वाचला. त्यात म्हटलंय की विद्यार्थ्यांनी रविवारी आठवडाभराचं जेवण करून ठेवावं. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, हे दोनदा करून पाहिलं. दोन्ही वेळा शुक्रवारी डबा उघडला तर भाजीला आंबूस वास. शिजवलेलं अन्न फ्रीजमध्येही ३-४ दिवसच ठेवावं, हे लेखात ठळक लिहायला हवं होतं.

माझी गाडी रुळावर आली ती नाश्त्यामुळे. दोन वर्षं उपाशीपोटी लेक्चर, मग प्रॅक्टिकल, आणि दुपारी दोनला कँटीनमध्ये तळलेलं जे समोर दिसेल ते, असं चाललं होतं. हात थरथरायचे, चिडचिड व्हायची. आता रात्रीच दोन अंडी उकडून सालासकट फ्रीजमध्ये ठेवते. सकाळी बुटाची लेस बांधता बांधता केळं, मग अंडी. तेवढ्यात साधारण १२ ग्रॅम प्रथिनं पोटात जातात आणि दुपारपर्यंत डोकं शांत राहतं. अंडी न खाणाऱ्यांनी भिजवून उकडलेले हरभरे घ्यावेत.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खायला सांगते. आकडा मोठा वाटतो, पण ८० ग्रॅमचे पाच वाटे केले की जमतं. बॅगेत एक सफरचंद असलं की एक वाटा तिथेच झाला.

आणि कॉफीबद्दल लेखात एक शब्दही नाही! निम्मं कॅफिन शरीरातून जायलाच साधारण ५ तास लागतात. परीक्षेच्या दिवसांत रात्री दहाला कॉफी घेतली की झोप उडते, सकाळी उशीर होतो आणि पहिला बळी जातो तो नाश्त्याचा.