अमेरिकेने शाळा विकलेल्या नाहीत

वहिनी गावच्या शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत. परवा त्यांनी एक फॉरवर्ड पाठवून विचारलं, ‘बैठकीत वाचून दाखवू का?’ मजकूर असा: अमेरिकेने सगळ्या सरकारी शाळा कंपन्यांना विकल्या, तपासणीची कटकट संपवली, ऑनलाइन शाळा काढल्या आणि दर्जा सुधारला, जिल्हा परिषदेच्या शाळांचंही तेच करा. वहिनी, कृपा करून वाचू नका.

‘विकल्या’ हे धादांत खोटं आहे. फॉरवर्डमध्ये ज्यांना विकलेल्या म्हटलंय त्या चार्टर शाळा, म्हणजे सरकारी पैशावर पण बाहेरच्या संस्थेने कराराने चालवलेल्या शाळा. त्यांचा पहिला कायदा मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये केला. शाळा सार्वजनिकच राहते. फी नसते, जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत काढतात. चालवणाऱ्यांना ठरावीक वर्षांचा करार मिळतो आणि कबूल केलेलं काम झालं नाही तर तो जातो. ‘सगळ्या’ म्हणावं तर २०२१ मध्ये सार्वजनिक शाळांतली जेमतेम ७ टक्के मुलं चार्टरमध्ये होती. वॉशिंग्टन राज्याचा कायदा तर तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरवला. पुढच्या वर्षी नवा करावा लागला.

पण संताप येतो तो तपासणीच्या मुद्द्यावर. ओहायोत ‘इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमॉरो’ नावाची ऑनलाइन चार्टर शाळा होती. सरकार मुलांमागे पैसे देत होतं. २०१५-१६ साठी शाळेने सुमारे १५,३०० मुलांचे पैसे घेतले. राज्याच्या शिक्षण विभागाने मुलं प्रत्यक्षात किती वेळ शिकली याच्या नोंदी मागितल्या, तेव्हा हिशेब जुळला तो सुमारे ६,३०० मुलांचा. सहा कोटी डॉलर परत करण्याचा आदेश निघाला, शाळा कोर्टात गेली, आणि जानेवारी २०१८ मध्ये, ऐन वर्षाच्या मध्यात, बंद पडली. बारा हजार मुलांना दुसरी शाळा शोधावी लागली. आपल्याकडे २०११ च्या पटपडताळणीत कागदावरची मुलं किती निघाली, हे वहिनींना मी सांगायला नको. ही चोरी पकडली गेली ती तपासणीमुळेच, आणि फॉरवर्ड म्हणतो तीच बंद करा!

दर्जा सुधारला, यात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य करतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो केंद्राच्या २०२३ च्या अहवालानुसार चार्टरमधली मुलं आसपासच्या शाळांतल्या तशाच मुलांपेक्षा वर्षाला वाचनात १६ आणि गणितात ६ दिवसांच्या शिक्षणाइतकी पुढे होती. पण त्याच अहवालात ऑनलाइन चार्टरची मुलं वाचनात ५८ आणि गणितात १२४ दिवस मागे आहेत. शाळेचं वर्ष साधारण १८० दिवसांचं धरतात. म्हणजे गणिताचं निम्म्याहून जास्त वर्ष वाया! फॉरवर्डला हवी ती नेमकी हीच शाळा.

वहिनी, बैठकीत विषय निघालाच तर एवढंच विचारा: करार कोणाशी, तो रद्द करण्याचा अधिकार कोणाकडे, आणि चालवणारा मध्येच निघून गेला तर पोरांनी दुसऱ्या दिवशी कुठल्या शाळेत जायचं?