‘नुसती तयारी’? क्लिफर्ड ब्राऊनवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राऊनवरच्या माझ्या लेखावर इतकं सविस्तर आणि रोखठोक लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: क्लिफर्ड ब्राऊन पंचविशीत गेला म्हणून थोर ठरला, त्याचं ट्रम्पेट म्हणजे नुसती तयारी, म्हणजे वेग आणि सफाई, ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिससारखं नवं त्याने काही आणलं नाही, आणि ना व्यसन, ना भानगडी, अशा माणसाच्या आयुष्यावर एवढं काय लिहायचं?

आधी मरणाचं बघू. जून १९५६मध्ये, पावसाच्या रात्री, पेनसिल्व्हेनियातल्या महामार्गावर झालेल्या अपघातात तो गेला. सोबत त्याच्या बँडमधला पियानोवादक रिची पॉवेल आणि गाडी चालवणारी रिचीची बायको नॅन्सी, तेही गेले. पण त्याच्या दोन वर्षं आधीच, १९५४ साली, ‘डाउन बीट’ मासिकाच्या समीक्षकांनी त्याला ट्रम्पेटमधला नवा तारा म्हणून निवडलं होतं. त्याच वर्षी मॅक्स रोचने त्याच्याबरोबर बँड काढला, तोही दोघांच्या नावाने. थोर सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या साथीला बसलेला हा ड्रमर तेवीस वर्षांच्या पोराला बरोबरीचा मान देतो, तो काय त्याच्या मरणाकडे बघून? आणि मागे जायचं तर १९५० सालीही एका मोटार अपघातात त्याची हाडं मोडली होती. कित्येक महिने अंथरुणावर होता. तेव्हा नावाजलेला ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी त्याला भेटायला गेला आणि वाजवणं सोडू नकोस म्हणाला. विल्मिंग्टन या गावच्या त्या मुलात काय आहे, हे जाणकारांनी तो जिवंत असतानाच ओळखलं होतं.

आता तयारी. हा शब्द तुम्ही आपल्या मैफलीतून उचललात, तर मीही तिथलाच उचलतो: दाणेदार. ‘स्टडी इन ब्राऊन’ या त्याच्या तबकडीवरची ‘चेरोकी’ ही चाल ऐका. लय अशी की दुसऱ्या कुणाचे सूर एकमेकांत घसरले असते. ब्राऊनचा एकेक सूर जिभेने वेगळा सुटलेला, गोल, भरीव. आणि त्या वेगातही वाक्य पुरं होतं, श्वास योग्य जागी पडतो. नुसती तयारी असलेला माणूस सुरांचा ढीग घालतो, हा चाल बांधतो. त्याची स्वतःची ‘जॉय स्प्रिंग’ घ्या. पहिल्या आठ मात्रागटांत जी चाल येते, तीच पुढच्या आठांत अर्ध्या स्वराने वर चढते, आणि कानाला कुठे सांधा जाणवत नाही. अशी चाल सुचायला बोटांपेक्षा कान लागतो.

जानेवारी १९५५मध्ये त्याने व्हायोलिनांच्या ताफ्यासह एक अख्खी तबकडी केली. तिच्यात ‘स्टारडस्ट’, ‘लॉरा’ अशा संथ चाली तो जवळजवळ जशाच्या तशा वाजवतो. वेग दाखवायची सोयच नाही. सूर लावायचा, धरायचा, हलकेच सोडायचा, एवढंच. तिथे माझा तरी गळा दाटतो.

माइल्सने १९५९ साली जॅझची वाटच बदलली, मान्य. तेव्हा ब्राऊनला जाऊन तीन वर्षं झाली होती. पण ली मॉर्गन, फ्रेडी हबर्ड, बुकर लिटल या पुढच्या ट्रम्पेटवादकांचा सूर ऐका. ही सगळी माणसं ब्राऊनच्या अंगणातून गेलेली आहेत.

आणि ‘भानगडी नाहीत’ हा तुम्हाला दोष वाटतो, यावर मात्र मी हटून बसणार. त्या पिढीत पार्करसारखं वाजवायचं तर पार्करसारखं हेरॉइन घ्यायला हवं, असं कित्येक तरुण मनापासून मानत होते. ब्राऊन ज्याच्या सुराच्या प्रेमात होता, तो ट्रम्पेटवादक फॅट्स नव्हॅरो १९५० साली सव्वीसाव्या वर्षी क्षय आणि हेरॉइनने संपला. अशा काळात कॉलेजात गणित घेतलेला, बुद्धिबळ खेळणारा, रोज रियाझ करणारा हा मुलगा निर्व्यसनी राहून सगळ्यांच्या पुढे वाजवत होता. १९५५च्या अखेरीस सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स ब्राऊन-रोचच्या बँडमध्ये आला, तो व्यसनावर उपचार घेऊन. नीट जगूनही उत्तम जॅझ वाजवता येतं हे क्लिफर्डने दाखवलं, असं रॉलिन्स पुढे सांगत राहिला. यात लिहिण्यासारखं नाही, तर कशात आहे?

फेब्रुवारी १९५४ची, न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबातली, ड्रमर आर्ट ब्लेकीच्या बँडची, ब्राऊन त्यात वाजवतोय अशी ध्वनिमुद्रणं सहज मिळतात. त्यातलं ‘वन्स इन अ व्हाइल’ ऐका आणि मग पुन्हा लिहा. तेव्हाही तुम्हाला तयारीच दिसली, तर कुठल्या जागेवर दिसली तेवढं सांगा, म्हणजे त्याच जागेवर बोलू.