डॉल्फिन दिसला की गिअर न्यूट्रलला

तारकर्ली असो, मुरूड-हर्णै असो की गोव्यातलं सिकेरी, पाण्यावर पंख दिसला रे दिसला की सगळे ओरडतात आणि होडीवाला होडी थेट त्याच्यावर घालतो. त्याची चूक निम्मीच. "पैसे दिलेत, जवळून दाखव" म्हणणारे आपणच.

आपल्याकडे किनाऱ्यालगत दिसतो तो बहुतेक कुबडवाला डॉल्फिन. हा उथळ पाण्यातला, साधारण २०-२५ मीटर खोलीच्या आतला. म्हणजे होड्या, जाळी, सांडपाणी जिथे, नेमका तिथेच. वर येताना आधी लांब चोच तिरकी बाहेर निघते, मग फुस्सकन श्वास, मग कुबड.

गढूळ पाण्यात डोळ्यांनी फारसं भागत नाही, म्हणून तो आवाजाने बघतो. श्वासरंध्राखाली, नाकाच्या वाटेत ओठांसारख्या जोड्या असतात. तिथून टकटक निघते, कपाळातल्या चरबीच्या गोळ्यातून तिचा झोत पुढे जातो आणि माशावर आपटून आलेला प्रतिध्वनी खालच्या जबड्यातल्या चरबीतून कानाशी पोचतो. ऐकायला जबडा! शिट्ट्या वेगळ्या, त्या एकमेकांसाठी. बॉटलनोज जातीत तर प्रत्येकाची स्वतःची शिट्टी असते. स्कॉटलंडच्या समुद्रात संशोधकांनी तिची नक्कल वाजवली तेव्हा त्या-त्या डॉल्फिनने उत्तर दिलं (२०१३). इंजिनाच्या घरघरीत बुडतात त्या मुख्यतः या शिट्ट्या.

त्याचा श्वासही आपल्यासारखा आपोआप चालत नाही, वर येऊन ठरवून घ्यावा लागतो. म्हणून झोपतानाही मेंदूचा एक अर्धा भाग जागा. आणि म्हणूनच जाळ्यात अडकला की बुडून मरतो. तो हसरा चेहरा जबड्याच्या ठेवणीमुळे, मेलेला डॉल्फिनही तसाच 'हसतो'.

आता होडीवाल्याला सांगायचं ते एवढंच. निदान ५० मीटर आधी वेग कमी, मग गिअर न्यूट्रलला. समोरून किंवा मागून जायचं नाही, बाजूने समांतर राहायचं. कळपाच्या मधून तर मुळीच नाही. दुसरी होडी आधीच असेल तर लांब थांबायचं. दोन्हीकडून घेरलं की तो दम धरून लांब बुडी मारतो, आणि मग कुणालाच काही दिसत नाही. उलट इंजिन शांत असेल तर कधीकधी तोच जवळून जातो.

आईच्या कुशीला चिकटून पोहणारं, कुबड अजून न आलेलं लहानगं दिसलं तर मात्र थांबूही नका, सावकाश होडी वळवा.